बेचाळिसावं पान

४ फेब्रुवारी, सकाळ

टाचणी,

हे पत्र फाडायच्या आधी निदान दुसऱ्या पानापर्यंत ये. पहिल्या पानावर मी भांडणार आहे, ते तुला नाहीतरी पाठ आहे.

तू माझा नंबर बंद केलास. ठीक. मग मी आत्याच्या कपाटातून हे रेघांचे कागद काढले. कागद बंद करता येत नाही. आत्याने विचारलं, "कुणाला लिहितोयस रे?" म्हटलं, कॉलेजला. ती म्हणाली, "कॉलेजला लिहायला कुणी भांग पाडून बसत नाही."

कॉलेज सोडून तीन महिने झाले. आत्याकडे राहतो, आणि तिच्या एका मैत्रिणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलोय. सगळे तिथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. दवाखान्यांतून येणारी मशिनं त्या दुरुस्त करतात, म्हणजे ऐकू न येणाऱ्या आवाजाने अंगाला शेक देणारी, हत्यारं धुणारी, अशी. दोन खोल्या, एक लांब बाक, आणि मधोमध काचेची पाण्याची टाकी. टाकी पाहिली आणि दारातच थांबलो. आपल्या लॅबमधलीच वाटली. एका टोकाला आवाज सोडणारी चकती, दुसऱ्या टोकाला तो टिपणारी सुई.

आता भांडण. काल आपल्या वर्गातल्या चष्म्याचा फोन आला. (तो अजून तुला डबा आणून देतो का? मला काही फरक पडत नाही. सहज विचारलं.) तो म्हणाला की तुझ्या वहीबद्दल वीस मार्चला समिती बसणार आहे, तोपर्यंत तुला लॅबमध्ये पाऊल ठेवता येणार नाही, आणि आकडे बनवले हे सिद्ध झालं तर प्रकल्प रद्द, वर्ष गेलं, वर कपाळावर शिक्का.

कशासाठी? रेषा सरळ आली म्हणून! चकतीचा जोर दहा-दहाने वाढवला, पलीकडे सुईवरचं रीडिंग तसंच वाढत गेलं. यात गुन्हा कसला? आणि सर भुवया चढवून म्हणतात, "एवढ्या जोराला रेषा सरळ येऊच शकत नाही. कुणी बनवली? आणि वहीतलं बेचाळिसावं पान कुठाय?"

मी त्यांना काय सुनावलं ते तू ऐकलंसच. अख्ख्या मजल्याने ऐकलं. "तुम्ही हिला खोटारडी म्हणता? घ्या तुमचं कॉलेज!" ओळखपत्र टेबलावर आपटलं ते घसरून थेट टाकीत पडलं. तेवढं सोडलं तर माझं बाहेर पडणं झकास झालं होतं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तू वाजवली नाहीस. मी ओरडत होतो तेव्हा तू सरांकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. त्या बघण्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

— भोंगा

१३ फेब्रुवारी, दुपार, जेवणाची सुट्टी

टाचणी,

तू उत्तर दिलं नाहीस, पण पत्र परतही आलं नाही. मी याला प्रगती धरतो.

आज तुला एक गंमत सांगायची आहे. प्रेमाची नाही, घाबरू नकोस. पाण्याची आहे.

माझं सकाळचं पहिलं काम म्हणजे पाणी उकळून झाकून निववणं. न उकळलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती आवाजाच्या वाटेत लुडबुड करते, म्हणून. मोठं पातेलं, अर्धा तास उकळ, मग ताटाखाली निवू द्यायचं. पहिल्या दिवशी मी ते गरमच टाकीत ओतायला निघालो होतो. बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखंच आहे ते. निवल्याशिवाय कामाचं नाही."

तर काल एका मशिनचं डोकं तपासायला आलं. शेक देणारं नव्हे, त्याच्या कितीतरी पट ताकदीचं, खोलवरची गाठ जाळायला वापरतात म्हणे. माझं काम असं, की जोर एकेक पायरी वाढवायचा आणि सुईवर किती पोचतं ते लिहायचं. दहा, वीस, छान. तीसला जरा कमी पडलं. चाळीसला आणखी कमी. पन्नास आणि साठला तर आकडा जागचा हलेना. मी जोराची गुंडी पिळतोय, मशिन कण्हतंय, आणि पलीकडे आवाज ढिम्म.

मग माझं डोकं फिरलं. तुला माहितीये कसं फिरतं. सुईला शिव्या घातल्या. मशिनला घातल्या. "सुईच मेलीय," म्हणून ती उपटायला हात घातला, तर बाईंनी मनगट धरलं. साठीला आलेली बाई, पण पकड सांडशीसारखी.

"काय झालं सुईला?"

"जोर वाढवतोय तरी ऐकत नाही!"

"तू काय बघतोयस?"

"आकडा."

"आकडा नको बघूस. आकार बघ."

त्यांनी लाट दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. आपल्या लॅबमध्ये पडदा नव्हता, आठवतं? आकडा दाखवणारी ती डबी होती नुसती. लाट किती उंच ते सांगायची, कशी दिसते ते नाही. मी पहिल्यांदा लाट पाहिली, टाचणी.

सुई चकतीजवळ आणली तर लाट गोल, गुळगुळीत, पुस्तकातल्यासारखी. तिथून सुई बोट-बोट मागे नेत गेलो. लाट पुढे झुकायला लागली. आणखी मागे नेली तर तिची पुढची बाजू उभी होत चालली, मागची लांबत गेली. वीतभर मागे गेल्यावर पडद्यावर लाट नव्हतीच, करवतीचे दात होते. वर टोकदार, खाली पसरट, एकामागे एक.

जोर कमी केला, की तिथेच लाट पुन्हा गोल. वाढवला, की पुन्हा दात. मी हे वीस-एक वेळा केलं. बाई डबा खाऊन आल्या तरी मी गुंडी फिरवतच होतो.

"बाई, निघताना गोल आणि पोचताना करवत? मध्ये हिला होतं काय?"

"तूच सांग. पाणी तेच, भांडं तेच."

मला नाही सांगता आलं. तू असतीस तर वही काढून खाली दोन प्रश्न लिहिले असतेस आणि पेन्सिल चावत बसली असतीस. पेन्सिलीची ती अवस्था बघून मला पेन्सिलीचा हेवा वाटायचा. हे वाक्य खोडणार होतो, पण खोडायचं नाही हा आपल्या लॅबचा नियम. असू दे.

— भोंगा

१६ फेब्रुवारी

टाचणी,

सर बरोबर होते.

हे तीन शब्द लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा जरा मान दे.

परवा बाईंकडून एक जादा तास मागून घेतला आणि नीट रीडिंग घेतली. जोर दहापासून साठपर्यंत, सुई एकाच जागी. अकरा, एकवीस, अठ्ठावीस, एकतीस, बत्तीस, बत्तीस. कागदावर ठिपके काढले. पहिले दोन सरळ चालतात, मग रेषा वाकते, शेवटी आडवीच झोपते. म्हणजे सरळ रेषा येऊच शकत नाही, हे सरांनी उगाच म्हटलेलं नव्हतं.

मग मी बाईंच्या मागे लागलो, की हे होतं कसं. त्यांनी शेवटी वैतागून स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "लाटेच्या माथ्यावर पाणी दाबलेलं असतं. दाबलेलं पाणी जरा कडक होतं, त्यातून आवाज भरभर जातो. शिवाय माथ्यातलं पाणी स्वतःही पुढेच सरकत असतं. दोन्हीकडून माथ्याची चंगळ. खळग्यात सगळं याच्या उलट. मग माथा धावतो, खळगा रेंगाळतो. धावणारा पुढच्या खळग्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. झाली उभी भिंत."

"किती भरभर?"

"हजारात एक-दीड भाग जास्त."

मी हसलो. हजारात दीड म्हणजे काहीच नाही! त्या म्हणाल्या, "मोज." मोजलं. आपल्या आवाजाची एक लाट पाऊण मिलिमीटरची. चाळीस सेंटिमीटरच्या वाटेत अशा पाचशेवर लाटा बसतात. दर लाटेला हजारात दीड भाग पुढे सटकायचं म्हटलं, तर पोचेपर्यंत माथा जवळजवळ एक अख्खी लाट पुढे! हलक्या आवाजातही हेच होत असतं, पण इतकं हळू, की दात यायच्या आधी आवाजच संपतो.

आणि हे ऐक. बाईंकडे एक पातळ चकती आहे, ती फक्त दुप्पट वरचा सूर ऐकते. ती जवळ धरली तर मुकी. लांब धरली तर बोलायला लागली! आपण एकच सूर सोडलेला, आणि वाटेत पाण्याने त्यातून दुसरा काढला, मग तिसरा, मग चौथा. वरचे सूर पाणी लवकर गिळून टाकतं. जितका जोर लावशील तितकी भिंत उभी, तितके वरचे सूर जास्त, तितकं गिळणं जास्त. जादा लावलेला सगळा जोर वाटेतच पाणी कोमट करण्यात जातो. पलीकडे ठरावीक तेवढाच पोचतो, मग इकडून कितीही बोंबला.

हे समजलं तेव्हा मी स्टुलावर बसलो तो बसलोच. आत्या संध्याकाळी म्हणाली, "आज आवाज नाही तुझा. बरं नाहीये का?"

आता तू म्हणशील, खरी रेषा वाकायला हवी, तर वहीत सरळ कशी आली? विचारू नकोस. म्हणजे विचार, पण एवढ्यात नको.

— भोंगा

२५ फेब्रुवारी

टाचणी,

तुझं पोस्टकार्ड आलं. आत्याने ते दोन बोटांत धरून आणलं. "कॉलेजचं उत्तर आलंय," म्हणाली, "अक्षर बरंय कॉलेजचं."

पोस्टकार्डावर सगळी मिळून एक ओळ. "चकतीवरचे बुडबुडे पुसले होतेस का आणि सुई किती अंतरावर होती?" ना मायना, ना सही. मी ते एकतीस वेळा वाचलं.

उत्तर: पुसले होते, प्रत्येक रीडिंगच्या आधी, मऊ कुंचल्याने. चाळीस सेंटिमीटर.

तू बुडबुड्यांचंच विचारावंस, याला काय म्हणू? मला आता पुढचं लिहायलाच हवं. गेले चार दिवस मी या कागदाभोवती मांजरासारखा फिरतोय.

बेचाळिसावं पान माझ्याकडे आहे.

तुझ्या सहा रीडिंगचं पान. नऊ, अठरा, चोवीस, सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू आईला फोन करायला खाली गेलीस आणि वही सरांच्या कपाटात ठेवायला मला दिलीस. मी उघडून पाहिली. शेवटची चार वाकलेली. मला वाटलं, चकतीवर बुडबुडे राहिले असणार, सुई बिघडली असणार, तुझं काहीतरी चुकलं असणार. दुसऱ्या दिवशी वह्या तपासणार होते. तुला मार्क कमी पडणार या विचाराने माझं डोकं तापलं, आणि डोकं तापलं की हात चालतात.

नियम मला माहीत होता. चुकलेल्या रीडिंगवर एक आडवी रेघ, बाजूला सही, खाली नवं रीडिंग. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. सर पहिल्याच दिवशी सांगतात आणि नंतर रोज सांगतात. मी पान फाडलं. त्रेचाळिसाव्या पानावर तुझ्या अक्षरात नवे आकडे लिहिले. नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न. एकही ठिपका रेषेच्या बाहेर नाही. आता बघतो तर हसू येतं. असं जगात कुठे होतं?

तुझं अक्षर मला कसं जमलं, तेही सांगून टाकतो. पूर्ण पहिलं वर्ष मागच्या बाकावर बसून मी तुझ्या अक्षरात 'भोंगा' लिहून बघायचो. तू कधी पत्र लिहिलंस तर कसं दिसेल, म्हणून. तुझा पाच डोक्यावर टोपी घालतो. तुझा आठ जरा पोक काढून बसतो. मला ते सगळं हाताला बसलं होतं.

मग सरांनी पान मागितलं, आणि तू माझ्याकडे बघितलंस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? एकट्या तुला माहीत होतं, की वही शेवटची कुणाच्या हातात होती. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी सांगेन म्हणून थांबली होतीस. आणि मी काय केलं, तर ओरडलो. जितकं मोठ्याने ओरडलो, तितकं जे सांगायचं होतं ते आतच राहिलं. लोकांना वाटलं, काय पोरगा आहे, हिच्यासाठी कॉलेजवर लाथ मारली! मी पळालो होतो, टाचणी. दणदणीत आवाजात पळालो.

तुझ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, "शेवटची चार वाकतात. का?" ते मी फाडलं तेव्हा वाचलंही नव्हतं. इथे आल्यावर ट्रंक उघडली तेव्हा दिसलं. तुला ते चुकलेलं वाटतच नव्हतं. तू विचारत होतीस.

उत्तर देऊ नकोस. मीच काहीतरी करतो.

— भोंगा

१० मार्च

टाचणी,

सरांना पत्र लिहिलं. सहा पानं. पाकीट बाईंकडे तिकीट मागायला नेलं, तर त्यांनी ते तळहातावर तोललं. त्यांना मी सगळं सांगितलंय.

"एवढं काय लिहिलंस? चूक तर एका ओळीची आहे ना?"

मी पाकीट फोडून पुन्हा वाचलं. सहापैकी पाच पानं सरांना उद्देशून. त्यांनी नीट चौकशी केली नाही, मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, वगैरे वगैरे. माझं कृत्य सहाव्या पानावर, तेही "मात्र" ने सुरू होणाऱ्या वाक्यात. पुन्हा गुंडी पिळली होती मी.

दुसरं लिहिलं, तीन पानांचं. त्यात मी स्वतःलाच इतक्या शिव्या दिल्या होत्या की वाचणाऱ्याने मला पाणी आणून द्यावं. तेही फाडलं. तिसरं चार ओळींचं: पान मी फाडलं. त्रेचाळिसाव्या पानावरचे आकडे माझे. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. पान घेऊन वीस तारखेला हजर होतो.

पान टपालाने पाठवत नाही, कारण नुसतं पान कुणीही नंतर बनवलं असं म्हणता येईल. वहीच्या शिलाईशी त्याचा एक फाटका तुकडा अजून असेल. कडा जुळवून बघता येतील.

खरं सांगायचं तर, टपालाने पाठवलं नाही याला आणखी एक कारण आहे. दहा दिवस तरी ते माझ्याकडे राहील. तुझ्या हातचं माझ्याकडे तेवढंच एक आहे. (पोस्टकार्ड धरून दोन.)

— भोंगा

२१ मार्च

टाचणी,

तू तिथे होतीस, मग तुला काय सांगायचं? तरी लिहितो, कारण तू टेबलाच्या त्या टोकाला होतीस आणि मी या, आणि मला आता माहीत झालंय की एका टोकाला निघतं ते दुसऱ्या टोकाला तसंच पोचत नाही.

समितीसमोर मी उभा राहिलो. घरून वाक्य पाठ करून आलो होतो. ते म्हटलं. तर त्या वयस्कर मॅडम, ज्या मध्ये बसल्या होत्या, कानामागे हात धरून म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हे म्हणालं! सरांनी खाली मान घातली, ते हसत होते असा माझा दाट संशय आहे. तूही ओठ दाबलेस. मी पाहिलं.

मी पुन्हा सांगितलं, तितक्याच आवाजात. त्या पुढे वाकल्या, आणि ऐकलं.

सरांनी वही उघडली, एक्केचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधल्या चिंधीला पान लावलं. कड अशी बसली, जशी कधी फाटलीच नव्हती.

"का केलंस?"

"हिला मार्क कमी पडतील असं वाटलं, सर. आकडे चुकलेत असं वाटलं."

"आणि पान? फाडलं तर टाकून का नाही दिलंस?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. कान तापले. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "असू दे. हे नोंदवायची गरज नाही." सरांना मी आजपर्यंत जितक्या शिव्या दिल्या त्या सगळ्या परत घेतो. एक सोडून. ती खरी होती.

मग त्यांनी तुला विचारलं, "ही वाकडी रेषा तुझी?" आणि तू म्हणालीस, "हो सर. पण ती का वाकते ते मला अजून काढायचंय." उद्यापासून लॅब तुझी, असं ते म्हणाले तेव्हा तू डोळे मिटलेस, एवढंच. मला दोन वर्षं प्रवेश नाही. सरांच्या खणात माझं ओळखपत्र दिसलं, वाळवून सपाट केलेलं. मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. खण मात्र सावकाश बंद केला.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्याजवळून गेलीस, थांबलीस, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा बोललीस. मी क्षमेची वाट बघत होतो. तू म्हणालीस:

"तुझं तिसरं पत्र मी अर्ध्यावर मिटून ठेवलंय."

"का?"

"बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, तिथे. पुढे तू उत्तर सांगणार हे कळलं मला. 'का' माझा होता. आधी तू तो फाडून नेलास, मग उत्तर लिहून पाठवलंस. दोन्ही वेळेला मला कुणी विचारलं?"

आणि गेलीस. चष्मा तुझी पिशवी धरून उभा होता. त्याच्याकडे बघून मला काहीसुद्धा वाटलं नाही, म्हणजे बसमध्ये बसेपर्यंत.

आकडे बदलल्याचं तू एका वाक्यानेही बोलली नाहीस. मला वाटत होतं माझा गुन्हा तो. तो होताच. पण तुझा खरा राग भलतीकडेच होता, आणि तो मला घरी पोचेपर्यंत कळला नाही.

— भोंगा

१४ एप्रिल

टाचणी,

तुझं पत्र! पाकिटातलं! आत्याने ते देवासारखं दोन्ही हातांनी आणलं, आणि मी वाचताना दारात उभीच राहिली. म्हटलं, आत्या, खासगी आहे. म्हणाली, "वाच ना, मी कुठे बघतेय? मी तुझं तोंड बघतेय."

म्हणजे लॅबमध्ये पडदा आला तर. तू स्वतः दात पाहिलेस, स्वतः मोजलंस, आणि "हजारात किती ते मी काढलंय, तुझं उत्तर मी अजून उघडलेलं नाही, दोन्ही आता एकाच दिवशी ताडून बघणार" असं लिहिलंयस. बघ. तोंडाला कुलूप. जुळलं की नाही एवढंच कळव.

मला माफ केलंस की नाही, हे त्यात कुठे नाही. मी पाकीट उलटं करूनही पाहिलं. पण 'टाचणी म्हणू नकोस' असंही कुठे नाही.

आता माझ्याकडची बातमी. बाईंच्या मागच्या अंगणात एक जुना रुंद पाइप पडून होता. तो उभा चिरून मी पाच मीटरची पन्हळ केली. तीन दिवस नुसतं पाणी उकळत होतो. आत्याची दोन पातेली बाद झाली आणि तिने मला घरातून काढायची तारीख दिली होती, ती पुढे ढकलली आहे. बाई म्हणाल्या, "हे कुठल्या दवाखान्याचं काम?" म्हटलं, कुठल्याच नाही. त्यांनी मोठा कुंचला आणून दिला, बुडबुडे पुसायला.

एका टोकाला चकती. पूर्ण जोर. सुई घेऊन निघालो. वीतभर अंतरावर दात उगवले, ते तू पाहिलेच आहेस. मीटरभर अंतरावर करवत अगदी धारदार. आपली टाकी इथेच संपते, म्हणून मला वाटत होतं की एकदा करवत झाली की ती करवतच राहणार.

मी आणखी पुढे गेलो. तिसऱ्या मीटरला दात लहान झाले. चौथ्यानंतर बोथट वाटायला लागले. मला वाटलं डोळे थकले. चहा प्यायलो, परत आलो, सुई पुसली, पुन्हा पाहिलं. आणि पार शेवटच्या टोकाला, जिथे आवाज इतका मंद आहे की पडद्यावर जेमतेम दिसतो, तिथे लाट पुन्हा गोल व्हायला लागली आहे, टाचणी. निघाली होती तशी. लहान, दमलेली, पण गोल.

असं का होतं ते मला ठाऊक नाही. अंदाज आहे, तो लिहीत नाही. बाईंना विचारलेलं नाही, त्यांनी आपणहून सांगायला तोंड उघडलं तर मी कानात बोटं घातली. सोबत पाचही मीटरचे आकार बटर पेपरवर गिरवून पाठवतोय. एका ठिकाणी माझं चुकलं, तिथे आडवी रेघ मारून सही केली आहे.

शेवटच्या आकाराखाली डावा कोपरा रिकामा ठेवलाय. तिथे तू पेन्सिलीने काय लिहिशील ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहिलेलं नाही.

— भोंगा